‘समजतं, पण जमत नाही’: विद्युतचुंबकत्वाची शिकवणी शोधण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

माझ्या मैत्रिणीची मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षात होती. तिने भौतिकशास्त्राचा वरच्या पातळीचा अभ्यासक्रम घेतला होता. ओळख पटेल असे तपशील मी इथे बदलले आहेत किंवा गाळले आहेत, घडलेलं मात्र जसंच्या तसं आहे. मी बरीच वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं आहे, म्हणून हे प्रकरण माझ्यापर्यंत आलं.

आदल्या वर्षी मेकॅनिक्समध्ये ती वर्गात पुढे होती. उतारावरून घसरणारा ठोकळा, दोरीला बांधलेलं वजन, उपग्रहाची कक्षा हे सगळं तिला डोळ्यांसमोर दिसायचं. विद्युतचुंबकत्व सुरू झालं आणि दोन महिन्यांत तिचे गुण निम्म्यावर आले. तिच्या बाबतीत मला याचं नवल वाटलं नाही. इथे विषय डोळ्यांना दिसत नाही आणि त्याच वेळी कॅल्क्युलसही येऊन उभं राहतं. स्थिरविद्युत, गॉसचा नियम, विभव (व्होल्टेज मोजतो ते), कपॅसिटर, सर्किट, चुंबकीय क्षेत्र, अँपिअरचा नियम आणि शेवटी प्रवर्तन, म्हणजे बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वीज निर्माण होणं, अशी ती साखळी असते. एक कडी कच्ची राहिली की पुढची तिच्यावरच लोंबकळते.

आईवडिलांनी लगेच शिकवणी लावली. शिकवणारे सर पेशाने इंजिनिअर, विषयाचे पक्के, शिवाय तळमळीचे. परीक्षेला वीस आठवडे होते. सहा आठवडे तास चालले. त्यानंतरच्या शाळेच्या चाचणीत दहापैकी तीनच प्रश्न सुटले, म्हणजे शिकवणी लावण्यापूर्वी जेवढे सुटत होते तेवढेच.

तेव्हा आई मला म्हणाली, “अगं, हिला सरांचं सगळं समजतं. पण हिच्याकडून होत काहीच नाही. दुसरे कोणी सुचव ना.”

अडचण नेमकी कुठे होती

मी लगेच नाव सुचवलं नाही. नेमकं काय अडतंय हे माहीत नसताना शिक्षक बदलणं म्हणजे दुखणं न विचारता औषध बदलणं. वडिलांचं मत होतं की गणित कच्चं आहे, गणिताची शिकवणी लावावी. शाळेतल्या शिक्षिका म्हणत होत्या की सराव कमी पडतो. मुलगी म्हणत होती, “माझं डोकंच या विषयाचं नाही, मावशी.” तिघांची तीन निदानं झाली, पण तिची वही कोणीच उघडून पाहिली नव्हती.

एका शांत दुपारी मी तिला पाच प्रश्न दिले. वेळेचं बंधन ठेवलं नाही. अट एकच, मनात येईल ते बोलत बोलत सोडवायचं.

पहिला सोपा होता. एक चार्ज आणि त्याच्या चौपट दुसरा, दोन्ही धन. मधल्या रेषेवर विद्युत क्षेत्र, म्हणजे तिथे ठेवलेल्या चार्जला ढकलणारा जोर, शून्य कुठे? लहान चार्जपासून एकूण अंतराच्या एक तृतीयांशावर, हे तिने दोन मिनिटांत काढलं.

दुसरा प्रश्न सगळीकडे सारखाच चार्ज पसरलेल्या, बांगडीसारख्या कड्याचा. कड्याच्या अक्षावरच्या एका बिंदूपाशी विद्युत क्षेत्र किती? ती बोलत होती, “कड्यावरचा प्रत्येक तुकडा या बिंदूपासून सारख्याच अंतरावर आहे. म्हणजे अंतर बाहेर काढलं, तुकड्यांची बेरीज केली, एकूण चार्ज भागिले अंतराचा वर्ग. झालं.” लिहून झाल्यावर तिने पेन खाली ठेवलं. आकृती काढलीच नव्हती.

मी म्हटलं, “ठीक. आता तोच बिंदू सरकवत कड्याच्या बरोबर मध्यावर आण. तुझ्या सूत्राने किती येतं?”

“चार्ज भागिले त्रिज्येचा वर्ग.”

“कोणत्या दिशेला?”

ती थांबली. कागदावर बोटाने एक गोल फिरवला. मग हळूच म्हणाली, “कुठल्याच नाही…? सगळीकडून सारखंच ढकलतंय.”

त्या क्षणाला मला निदान सापडलं. तिची बेरीज चुकली नव्हती, पण ती आकड्यांची बेरीज करत होती. विद्युत क्षेत्राला दिशा असते हे तिला पाठ होतं, हाताला मात्र ठाऊक नव्हतं. आडव्या दिशेचे घटक एकमेकांना मारतात आणि अक्षाच्या दिशेचेच उरतात, हा टप्पा ती सहज ओलांडून गेली होती. पहिला प्रश्न सुटला कारण तिथे सगळं एकाच रेषेवर होतं.

गणिताची शंका मिटवण्यासाठी मी तिला भौतिकशास्त्राचा संदर्भ काढून टाकलेलं, याहून अवघड एक इंटिग्रेशन दिलं. तिने ते चोख सोडवलं. गणिताची शिकवणी लावली असती, तर उरलेले आठवडे ज्या वाटेवर अडचणच नव्हती त्या वाटेवर गेले असते.

उरलेल्या तीन प्रश्नांतही गाठी निघाल्या. एका बंद गोलाच्या बाहेर चार्ज ठेवला, गोलातून निव्वळ फ्लक्स, म्हणजे पृष्ठभागातून आरपार जाणाऱ्या क्षेत्राचं एकूण माप, शून्य. मग गोलाच्या पृष्ठभागावर क्षेत्रही शून्य का? ती म्हणाली हो. एकापाठोपाठ जोडलेल्या दोन सारख्या बल्बांपैकी कोणता जास्त उजळेल? ती म्हणाली, पहिला, कारण करंट आधी त्याच्याकडे येतो. करंट वाटेत ‘खर्च’ होतो ही चुकीची समजूत फार जुनी आणि फार चिवट आहे. लिलियन मॅकडर्मॉट आणि पीटर शॅफर यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ती विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांमध्येही आढळली होती. पाचवा प्रश्न प्रवर्तनाचा. प्रवर्तनातल्या करंटची दिशा सांगणारा लेंझचा नियम तिला ‘क्षेत्राला विरोध’ असा पाठ होता. विरोध क्षेत्राला नसतो, क्षेत्रातून होणाऱ्या फ्लक्सच्या बदलाला असतो.

समोरचे पर्याय

चौदा आठवडे उरले होते. आई, वडील आणि मी बसून पर्याय मांडले.

आहेत त्याच सरांना ठेवून पद्धत बदलायला सांगावं, हा पर्याय आम्ही जवळजवळ न बोलताच बाजूला सारला. त्याबद्दल शेवटी लिहिते.

मोठ्या क्लासमध्ये घालावं का? तिथे प्रश्नांचा सराव भरपूर होतो. पण हिची अडचण बोलत बोलत सोडवतानाच दिसली होती, आणि साठ मुलांच्या वर्गात एकीचं बोलणं कोण ऐकणार? शाळेतल्या शिक्षिकांचा आठवड्याला एक शंकांचा तास असायचा, फुकट. मुलगी तिथे वर्षभरात एकदाही गेली नव्हती. “मला काय विचारायचं तेच कळत नाही,” असं ती म्हणायची. ते अगदी खरं होतं.

शिकवणी न लावता स्वतः अभ्यास करावा असंही मी सुचवलं. कोलोराडो विद्यापीठाची ‘फेट’ सिम्युलेशन्स मोफत आहेत. त्यात पडद्यावर चार्ज ठेवून क्षेत्राचे बाण बघता येतात, सर्किट जोडून बल्ब पेटवता येतो. ती आम्ही वापरलीही. पण मुलीचा धीर इतका खचला होता की तिला समोर माणूस हवा होता.

वडिलांनी कुठेतरी वाचलं होतं की एकास एक शिकवणीने सामान्य विद्यार्थी वर्गाच्या अगदी वर जातो. बेंजामिन ब्लूम यांचा १९८४ चा तो प्रसिद्ध लेख. त्यातला परिणाम दोन प्रमाण विचलनांचा होता (मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेले असतात त्याचं हे माप). कर्ट व्हॅनलेन यांनी २०११ मध्ये पुष्कळ अभ्यास एकत्र तपासले तेव्हा माणसाने दिलेल्या शिकवणीचा परिणाम त्याच मापात सुमारे ०.७९ निघाला. तोही चांगलाच आहे. पण शिकवणी लावली की झालं, ही वडिलांची खात्री मला थोडी सैल करायची होती.

अखेर दोन नावं उरली. एक निवृत्त शिक्षक, चाळीस वर्षांचा अनुभव, शिकवण्यात नावाजलेले. दुसरी भौतिकशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेणारी विद्यार्थिनी. तिने आधी दोनच मुलांना शिकवलं होतं.

दोन चाचणी तास आणि दुसऱ्या दिवशीचा प्रश्न

दोघांनाही एकेक तास घ्यायला सांगितला आणि त्याचं मानधन दिलं. तास घरातल्या बाहेरच्या खोलीत, दार उघडं. मी कोपऱ्यात बसले. दोघांनाही तोच विषय दिला, बंद गोल आणि बाहेरचा चार्ज.

निवृत्त सरांनी फार सुरेख शिकवलं. तीन रंगांत आकृती, पाण्याच्या प्रवाहाची उपमा, मग सूत्र. “फ्लक्स शून्य म्हणजे क्षेत्र शून्य नव्हे” हे वाक्य त्यांनी चौकटीत लिहून दिलं. मीसुद्धा रमले. घड्याळाकडे लक्ष ठेवलं होतं म्हणून लक्षात आलं, साठांपैकी पन्नास मिनिटं सरच बोलत होते आणि पेनही त्यांच्याच हातात होतं. मुलीचा चेहरा खुलला होता. ती म्हणाली, “सरांचं सगळं समजलं.”

पदव्युत्तर विद्यार्थिनीला मुलीने पहिल्या पाच मिनिटांतच ‘ताई’ म्हणायला सुरुवात केली. ताईने पेन हातात घेतलंच नाही. म्हणाली, “बाहेरच्या चार्जपासून निघणाऱ्या चार रेषा काढ.” मुलीने काढल्या. दोन गोलाला चुकवून गेल्या, दोन गोलापर्यंत येऊन थांबल्या.

“थांबल्या का?”

“आत काही नाहीये ना.”

ताई गप्प. मी मनातल्या मनात मोजत होते, चाळीस सेकंद तरी झाले असतील. शिकवणाऱ्याला एवढी शांतता सहन करणं फार कठीण जातं, मला तर अजूनही जातं. मग मुलगीच म्हणाली, “पण मध्येच संपायला तिथे ऋण चार्ज हवा.” आणि तिने दोन्ही रेषा गोलातून आरपार पलीकडे नेल्या. मग आत शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या रेषा बोटाने मोजल्या. “जेवढ्या आत तेवढ्या बाहेर. म्हणून शून्य! पण इथे रेषा आहेच की.” तास संपला तेव्हा हा एकच प्रश्न झाला होता.

आईवडिलांना निवृत्त सर हवे होते, आणि ते मी समजू शकते. तासाभरात त्यांनी तिप्पट मजकूर शिकवला होता. पण “सगळं समजलं” हे वाक्य आम्ही आधीच्या सहा आठवड्यांतही ऐकत आलो होतो. म्हणून प्रत्येक तासाच्या दुसऱ्या दिवशी मी तिला एक प्रश्न दिला, तोच विषय, थोडा वळवलेला, आणि सोडवताना शेजारी कोणी नाही.

सरांच्या तासानंतरचा प्रश्न होता, गोलाच्या आत सारखेच पण विरुद्ध असे दोन चार्ज. तिने चौकटीतलं वाक्य लिहिलं आणि तिथेच थांबली. ताईच्या तासानंतर बाहेर दोन चार्ज असलेला घन दिला. उत्तर पूर्ण झालं नाही, पण अर्धं पान आकृतीने भरलं होतं आणि रेषा आरपार गेल्या होत्या. एका जोडीवरून शास्त्र सिद्ध होत नाही, आणि दोन प्रश्न सारख्या वजनाचेही नव्हते. तरी त्या दोन कागदांनी निर्णय झाला. मिशेलीन ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये केलेला एक प्रयोग मला आठवत होता. त्यात शिकवणाऱ्यांना समजावून सांगायला मनाई केली आणि फक्त विद्यार्थ्याला बोलतं करायला सांगितलं, तरी विद्यार्थी तेवढंच शिकले.

ताईशी ठरवलेल्या गोष्टी थोड्याच होत्या. आठवड्याला दोन तास. पैसे प्रत्येक महिन्याच्या शेवटी, सगळे आगाऊ नाहीत. शाळेचा गृहपाठ ताई सोडवून देणार नाही. आणि प्रत्येक तासाच्या शेवटी मुलीने एक ओळ लिहायची, ‘मला अजून काय कळलं नाही’. ती ओळ घेऊन तिने शाळेतल्या शिक्षिकांच्या शंकांच्या तासाला जायचं. विचारायचं काय हे कळत नव्हतं, त्यावर हा उपाय निघाला, आणि तो मला वाटलं त्याहून जास्त चालला.

दहा आठवडे

पहिले दोन आठवडे सुरेख गेले. कड्याच्या प्रश्नावर ताईने एक गोष्ट केली ती मला सुचली नव्हती. तिने मुलीची जुनी चुकीची पद्धत पुन्हा समोर ठेवली आणि म्हणाली, “ही पद्धत टाकू नकोस. अंतराच्या वर्गाऐवजी नुसतं अंतर ठेव, मग हे विभवाचं बरोबर उत्तर आहे. विभवाला दिशा नसते, तिथे अशीच सरळ बेरीज चालते.” कड्याच्या मध्यावर क्षेत्र शून्य, पण विभव शून्य नाही, हे मुलीने स्वतः पडताळलं. आपली चूक म्हणजे चुकीच्या जागी लावलेलं बरोबर उत्तर होतं, हे कळल्यावर तिच्या आवाजात जो फरक पडला तो आईने फोनवरही ओळखला.

“माझं डोकंच नाही” या वाक्यालाही ताईने मायकल फॅरडे या शास्त्रज्ञाचं नाव घेऊन उत्तर दिलं. फॅरडेचं औपचारिक गणिताचं शिक्षण जेमतेम होतं. १८३१ च्या २९ ऑगस्टला त्याने लोखंडी कड्यावरच्या दोन गुंडाळ्यांनी प्रवर्तन दाखवलं, आणि विचार केला तो रेषांमध्ये. त्याला गणिताचं रूप मॅक्सवेलने नंतर दिलं. “तूही आधी रेषा काढ,” एवढंच ती म्हणायची.

तिसऱ्या आठवड्यात घसरण झाली. मॅक्सवेलच्या समीकरणांचं सौंदर्य दाखवावं म्हणून ताईने डायव्हर्जन्स आणि कर्ल हे पुढच्या पातळीचं गणित काढलं. अभ्यासक्रमात ते नव्हतंच. मुलगी चार तास त्यात गटांगळ्या खात राहिली, शेवटच्या तासाला रडली, आणि आईचा मला फोन आला, “निवृत्त सरांनाच बोलवू या का?”

मी म्हटलं, आधी ताईला विचारू. विचारलं तेव्हा कळलं की आम्ही तिला अभ्यासक्रमाची प्रत दिलीच नव्हती. कोणत्या पातळीपर्यंत जायचं, गुण कशाला मिळतात, हे ती अंदाजाने ठरवत होती. ती चूक आमची होती. अभ्यासक्रम आणि मागचे पेपर तिच्या हातात दिले. शाळेतल्या शिक्षिकांनी महिन्याला एक उत्तरपत्रिका परीक्षेच्या पद्धतीने तपासून द्यायचं कबूल केलं. पाचव्या आठवड्यापासून गाडी रुळावर आली.

सर्किटला तीन आठवडे गेले, हे जास्त झाले. आरसी सर्किटमध्ये (रोध आणि कपॅसिटर जोडलेलं) कपॅसिटर भरताना सुरुवातीला करंट सर्वाधिक का, एका कालस्थिरांकानंतर, म्हणजे त्या सर्किटच्या ठरावीक वेळेनंतर, कपॅसिटर सुमारे ६३ टक्के भरलेला का, हे ती आलेखावरून सांगू लागली. पण प्रवर्तनाला जेमतेम दोनच आठवडे उरले.

शेवटचे दोन आठवडे ताईच्याच सांगण्यावरून तास बंद ठेवले. तिचं म्हणणं होतं, “आता मी शेजारी नको.”

निकाल

तासांच्या अखेरीस शाळेने जी चाचणी घेतली तिच्यात दहापैकी सात प्रश्न सुटले. अंतिम परीक्षेत सर्वोच्च श्रेणी मिळाली नाही, तिच्या खालची मिळाली. अर्ध्या कड्याच्या मध्यावरचं क्षेत्र काढायचा प्रश्न आला होता. तिने आधी आकृती काढली, कोणते घटक एकमेकांना मारतात ते लिहिलं आणि मगच इंटिग्रेशन केलं. प्रवर्तनाचा मोठा प्रश्न अर्धवट सुटला. करंटची दिशा उलटी काढली होती, पहिल्या दिवसासारखीच. ती गाठ सुटलीच नाही.

आज पुन्हा करायचं झालं तर

पाच प्रश्नांची ती दुपार मी पहिली शिकवणी लावण्याआधी घालवली असती, म्हणजे सहा आठवडे वाचले असते. त्यासाठी माझ्यासारखं कोणी घरात असायलाच हवं असंही नाही. मुलांना मोठ्याने बोलत एक प्रश्न सोडवायला लावून शेजारी बसलेल्या पालकांनाही पेन कुठे अडखळतं ते दिसतं.

प्रकरणांचा क्रम मी बदलला असता. पुस्तकात प्रवर्तन शेवटी येतं म्हणून आम्हीही ते शेवटी ठेवलं आणि नेमकं तेच उपाशी राहिलं. सर्किटमधला एक आठवडा काढून चुंबक आणि तारेची गुंडाळी मध्येच हातात द्यायला हवी होती.

पर्यायांच्या बैठकीत मुलगी नव्हती, हेही चुकलं. तिला आम्ही निर्णय सांगितला. ताईशी तिचं जमलं हे नशीब.

आणि पहिले सर. त्यांना आम्ही “आता तिला वेळ होत नाही” असं सांगून थांबवलं होतं. परीक्षा झाल्यावर मला ते टोचू लागलं, म्हणून मी त्यांना फोन केला आणि खरं काय ते सांगितलं. कड्याचा प्रश्नही सांगितला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मी दर पाच मिनिटांनी विचारायचो, कळलं का. ती दर वेळी हो म्हणायची. तो कागद मला तेव्हा दाखवायचात ना, मॅडम.”